घटस्फोटित नवरा अमेरिकेत वारला, आत्या इंदूरात. सोशल सिक्युरिटीचं काही मिळतं का?

रामबागवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या आत्याचा आहे. तिला इंटरनेटचं वावडं, म्हणून मी विचारतेय.

आत्याचं लग्न १९८९ मध्ये इथेच, इंदूरला झालं. १९९० मध्ये ती न्यू जर्सीला गेली. २००३ मध्ये तिथल्याच कोर्टात घटस्फोट झाला. दोघंही हजर होते, दोघांचे वकील होते, कोर्टात भांडायचं नाही असं ठरवून शांतपणे झालं. नंतर ती परत आली आणि आजीआजोबांच्या रामबागेतल्या घरात राहायला लागली. पुन्हा लग्न केलं नाही. पासपोर्ट भारताचाच, ग्रीन कार्ड केव्हाच सोडलं. जन्म १९६४ चा, म्हणजे आज ६१ पूर्ण. घरून फराळाच्या आणि लोणच्यांच्या ऑर्डरी घेते, त्यावर चाललंय.

काका, म्हणजे तिचा पूर्वीचा नवरा (मी अजून काकाच म्हणते, सवय), गेल्या महिन्यात तिकडे वारले. ते १९५९ चे, ६२ व्या वर्षीच निवृत्त होऊन पेन्शन सुरू केली होती. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, त्या बाई आहेत. आत्याचा मुलगा तिकडेच असतो, तिशीचा आहे. तो म्हणाला, "आई, सोशल सिक्युरिटीला (म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनच्या कार्यालयाला) एक फोन कर, तुझा हक्क असू शकतो."

यावर आमच्याकडे जे व्हायचं तेच झालं. मोठे काका म्हणाले, तलाक झाला की बायको कसली आणि पेन्शन कसली. आत्या म्हणाली, "त्या बाईच्या ताटातलं मला नको." विषय संपला. पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. कुणाला नक्की माहिती आहे का?

सराफ्यातला_भिया

ताई, मोठे काका बरोबर बोलून राहिले. आमच्या चुलतभावाचं असंच झालं. भाऊ केंद्र सरकारच्या नोकरीत, घटस्फोट झालेला, दुसरं लग्न नाही. तो गेल्यावर वहिनीने (आधीची वहिनी) ऑफिसात दरख्वास्त दिली. उत्तर आलं, घटस्फोटित पत्नी 'कुटुंबात' येत नाही. बस. सरकारी नियम सगळीकडे सारखेच.

निवृत्त_कोषालय

भिया, ऑफिसाचं उत्तर बरोबर, तुमचं शेवटचं वाक्य नाही.

मी आयुष्यभर पेन्शनच्या फायली पाहिल्या आहेत म्हणून सांगतो. केंद्राच्या सीसीएस (पेन्शन) नियम २०२१ मधला नियम ५० हा कुटुंब पेन्शनचा. त्यात विधवा किंवा विधुर येतो, मुलं येतात, अवलंबून असलेले आईवडील येतात, पण घटस्फोटित पत्नी येत नाही. तिने वीस वर्षं संसार केला असला तरी नाही. ही आपली पद्धत. आपल्याकडे पेन्शन मरणाच्या दिवशी जे नातं कायद्याने उभं आहे त्याला मिळते.

पण ताईंचा प्रश्न अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीचा आहे. तिथे हिशेब वेगळ्या खात्याचा, नियम वेगळे. आपला नियम तिथे लावू नका आणि तिथला इथे लावू नका. तिथलं मला ठाऊक नाही, जाणकाराची वाट पाहा.

जाता जाता भियाला एक विचारतो. तुमच्या भावाला मूलबाळ होतं का?

सराफ्यातला_भिया

एक मुलगी आहे, अकरावीत. आईकडेच राहते.

निवृत्त_कोषालय

मग फाईल पुन्हा उघडा! घटस्फोटित पत्नीला नसतं, पण तिच्यापासून झालेल्या पात्र मुलांना असतं. भावाने दुसरं लग्न केलेलं नसल्याने सगळी कुटुंब पेन्शन त्या मुलीचीच. ती अज्ञान आहे तोवर पालक म्हणून आई पैसे घेईल. आणि दुसरी बायको असती तरी नियमात साफ लिहिलं आहे की घटस्फोट झाला नसता तर आईला जो हिस्सा मिळाला असता तो त्या मुलांना द्यायचा. कार्यालयाने आईचा अर्ज फेटाळला असेल. मुलीच्या नावाने अर्ज झालाच नसेल.

मुलीला २५ वर्षांपर्यंत, किंवा तिचं लग्न होईपर्यंत, किंवा ती स्वतः कमवायला लागेपर्यंत, जे आधी होईल तोवर. पुढे अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीसाठी वेगळी सोय आहे, ती आत्ता नको.

सराफ्यातला_भिया

काका, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. वहिनीला आजच फोन लावतो.

एडिसनकर_मूळचा_लोकमान्यनगर

रामबागवाली, उशीर झाला, इकडे आत्ता सकाळ झाली. मी न्यू जर्सीत आहे आणि मंदिराच्या सभागृहात ज्येष्ठांचे कागद भरायला मदत करतो. तुम्ही दिलेल्या तारखा पाहता आत्याचा हक्क बनतो असं माझं मत. सविस्तर लिहितो.

इथल्या कायद्यात घटस्फोटित पत्नीला (पतीलाही) मृत जोडीदाराच्या खात्यावर लाभ मिळतो. मुख्य अटी: लग्न किमान दहा वर्षं टिकलेलं असावं, अर्ज करणाऱ्याचं वय ६० पूर्ण असावं (अपंगत्व असेल तर ५०), आणि ६० च्या आधी पुन्हा लग्न केलेलं नसावं. साठीनंतर लग्न केलं तर चालतं. ६० च्या आधी केलेलं लग्न मोडलं असेल तरी पुन्हा दार उघडतं. आत्यांचं लग्न १९८९ ते २००३, म्हणजे दहाच्या वर. वय ६१. पुन्हा लग्न नाही. तिन्ही बसतात.

दहा वर्षं मोजताना लग्नाच्या दिवसापासून घटस्फोटाचा अंतिम आदेश लागू झाला त्या दिवसापर्यंत मोजतात. वेगळं राहायला लागल्याचा दिवस बघत नाहीत. पुष्कळ बायका इथेच फसतात. "आम्ही आठ वर्षांनी वेगळे झालो" असं म्हणून अर्जच करत नाहीत, आदेश मात्र अकराव्या वर्षी झालेला असतो.

आता भारतात बसून मिळेल का, हा खरा गुंता. अमेरिकन नागरिक नसलेला माणूस सलग सहा कॅलेंडर महिने देशाबाहेर राहिला की पैसे थांबतात, असा सर्वसाधारण नियम. त्याला अपवाद आहेत. भारतीय नागरिकांसाठी अपवाद असा: ज्याच्या कमाईवर लाभ घ्यायचा त्याने ४० क्रेडिट मिळवलेली असावीत किंवा तो दहा वर्षं अमेरिकेत राहिलेला असावा. ४० क्रेडिट म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी. काकांचं ते होणारच. शिवाय वारसाने स्वतः अमेरिकेत किमान पाच वर्षं राहिलेलं असावं, आणि त्या काळात ते नातं असावं. आत्या १९९० ते २००३ बायको म्हणून इथेच होत्या. हेही बसतं.

याच पाच वर्षांच्या अटीवर इंदूर-उज्जैनकडची बरीच प्रकरणं पडतात. नवरा इकडे, बायको तिकडे सासूसासऱ्यांपाशी, असा संसार झालेला असतो. त्या बायकांचं लग्न तीस वर्षांचं असलं तरी भारतात बसून त्यांना पैसे मिळत नाहीत.

रामबागवाली

दादा, खूप आभार. आत्याला वाचून दाखवलं. पहिली प्रतिक्रिया: "मग त्या बाईचं कमी होणार ना?" तेवढं सांगा. बाकी कशात तिला रस नाही.

एडिसनकर_मूळचा_लोकमान्यनगर

नाही होत. एका डॉलरनेही नाही.

एका कमावत्याच्या खात्यावर कुटुंबाला मिळून किती मिळू शकतं याला वरची मर्यादा असते. पण घटस्फोटित जोडीदाराला मिळणारी रक्कम त्या मर्यादेत धरतच नाहीत. त्यांना त्यांचं पूर्ण मिळत राहील. कार्यालय त्यांना कळवतही नाही की पहिल्या पत्नीने अर्ज केलाय. दोन घटस्फोटित बायका आणि एक विधवा, तिघींना एकाच खात्यावर मिळालेलं मी पाहिलं आहे. अर्थात प्रत्येकीची दहा वर्षं भरलेली होती.

खजराना_गणेश

हे भारी आहे! म्हणजे चार लग्नं केली तर सरकार चौघींना पोसणार?

एडिसनकर_मूळचा_लोकमान्यनगर

प्रत्येकी दहा वर्षं टिकवून दाखवा, मग बोलू.

संध्याछाया

रामबागवाली, तुझ्या आत्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, म्हणून राहवत नाही.

ताटाचा प्रश्नच नाही गं. १९९० मध्ये नवऱ्याबरोबर गेलेल्या बायका काय करत होत्या? बहुतेकींच्या व्हिसावर नोकरीची परवानगीच नव्हती. घर सांभाळायचं, बर्फ उपसायचा, मूल वाढवायचं, त्याच्या बॉसला जेवायला बोलवायचं. त्याच्या पगारातून दर महिन्याला जो सोशल सिक्युरिटीचा कर कापला जायचा, तो तो निश्चिंतपणे नोकरी करत होता म्हणून. ती निश्चिंती कुणी पुरवली? कायद्याने दहा वर्षांची अट घालून हेच तर मान्य केलंय. हे त्याने दिलेलं नाही, आणि त्या दुसऱ्या बाईंकडून घेतलेलंही नाही.

आपल्याकडे मात्र मरणाच्या दिवशी बायको कोण, एवढंच. वीस वर्षं केलेला संसार शून्य आणि दोन वर्षांपूर्वी झालेलं लग्न पूर्ण. निवृत्त काकांनी नियम सांगितला, त्यांच्यावर राग नाही. नियमावर आहे.

निवृत्त_कोषालय

संध्याताई, राग योग्य आहे. थोडी भर घालतो. आपल्याकडे न्यायिक पृथक्करण म्हणजे घटस्फोट नव्हे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली वेगळं राहायचा आदेश मिळालेला असतो, पण लग्न मोडत नाही. अशी पत्नी कुटुंब पेन्शनच्या नियमातून आपोआप बाद होत नाही, तिच्यासाठी वेगळ्या अटी आहेत. आणि नुसत्या टाकलेल्या बायका, ज्यांच्या नवऱ्याने आदेशाशिवाय दुसरा संसार थाटला, त्या तर कायद्याने पत्नीच. ती दुसरी 'लग्नं' कायद्यापुढे उभीच राहत नाहीत. मात्र त्या संसारातली मुलं औरस धरली जातात आणि त्यांना हिस्सा मिळतो.

आणखी एक, कमी लोकांना माहीत आहे. जानेवारी २०२४ पासून केंद्र सरकारी महिला कर्मचारी, घटस्फोटाचा किंवा घरगुती हिंसाचाराचा खटला चालू असेल तर, लेखी देऊ शकते की माझ्यामागे पेन्शन नवऱ्याच्या आधी मुलांना द्या. माझ्या काळात असे अर्ज घेऊन रडत आलेल्या बायकांना परत पाठवावं लागायचं.

कायद्याचं_बोला

इंदूर खंडपीठात वकिली करतो. एक वेगळा मुद्दा. न्यू जर्सीच्या कोर्टाचा घटस्फोट भारतात मान्य आहे का, हे तपासलं का? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या प्रकरणात ठरवलं आहे की हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न परदेशी कोर्टाने मोडलं, आणि दुसरी बाजू हजरच नव्हती किंवा कारण आपल्या कायद्यातलं नव्हतं, तर तो आदेश इथे बांधील नाही. तसं असेल तर आत्याबाई इथल्या कायद्याने विधवाच! इंदूरात किंवा देशात काकांची काही मालमत्ता असेल तर पहिल्या वर्गाच्या वारस.

रामबागवाली

बापरे, हे ऐकून मोठ्या काकांचा चहा थंड झाला. पण आत्या स्वतः हजर होती, वकील होता, तिने सही केली होती. आणि इथे मालमत्ता काही नाही. देवासला एक प्लॉट होता, तो कधीच विकला.

कायद्याचं_बोला

मग विषय मिटला. ती स्वतः कोर्टापुढे गेली आणि तिने संमती दिली, त्याच निकालात असा अपवाद मानला आहे. घटस्फोट दोन्हीकडे उभा राहतो. तुमच्या बाबतीत ते चांगलंच, कारण सोशल सिक्युरिटीच्या अर्जात ती 'घटस्फोटित' हीच स्थिती लागणार. "मी विधवा" असं लिहू नका, अर्ज लांबेल.

आकडेमोड_आवडते

एडिसनकर, रक्कम किती ते सांगा ना. साठीला कमी मिळतं आणि थांबलं तर जास्त, असं ऐकलंय. मग आत्याने थांबावं का?

एडिसनकर_मूळचा_लोकमान्यनगर

चांगला प्रश्न, आणि यात एक मेख आहे जी बहुतेकांना सांगितली जात नाही.

वारसाचा लाभ ६० व्या वर्षी घेतला तर मूळ रकमेच्या (म्हणजे काकांनी स्वतःच्या पूर्ण वयाला पेन्शन घेतली असती तर जी मिळाली असती तिच्या) ७१.५ टक्के मिळतो आणि पूर्ण वयाला १०० टक्के. १९६२ किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी वारसा लाभाचं पूर्ण वय ६७. मधली वाढ दर महिन्याला सारखी. सात वर्षांत साडेअठ्ठावीस टक्के, म्हणजे वर्षाला चारच्या थोडं वर. आत्या ६१ च्या, तर आज साधारण साडेपंचाहत्तर.

आता मेख. काकांनी ६२ व्या वर्षीच, म्हणजे स्वतःच्या पूर्ण वयाच्या आधी, पेन्शन सुरू केली होती. असं असेल तर वारसाच्या लाभावर छत येतं. काकांना जे प्रत्यक्ष मिळत होतं ते, किंवा मूळ रकमेच्या ८२.५ टक्के, यातलं जे जास्त, त्याच्या वर जाता येत नाही. ६२ ला घेतलेल्या माणसाचं प्रत्यक्ष ८२.५ च्या खालीच असतं. म्हणजे आत्यांचं छत ८२.५. तिथपर्यंत त्या ६३ च्या आसपासच पोचतील. पुढे ६७ पर्यंत वाट पाहून एक पैसाही वाढणार नाही. "सबुरी करा, १०० टक्के मिळतील" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

समजा काकांची मूळ रक्कम २,००० डॉलर. आज अर्ज केला तर साधारण १,५१० महिन्याला. थांबून जास्तीत जास्त १,६५०. थांबण्यात दीड-पावणेदोन वर्षांचे सगळे हप्ते जातात. माझं मत, आत्ताच घ्यावं. प्रकृती, गरज, स्वभाव पाहून शेवटचं त्यांनीच ठरवावं.

आकडा फक्त उदाहरणाचा. खरा कार्यालयच सांगेल.

आकडेमोड_आवडते

१४० डॉलर जास्त मिळवायला दीड-पावणेदोन वर्षं दरमहा १,५१० सोडायचे. सोडलेलं भरून यायला सोळा ते एकोणीस वर्षं लागतील. मीही आत्ताच म्हणेन.

सीए_साउथतुकोगंज

कर विसरू नका. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या परकीय नागरिकाच्या सोशल सिक्युरिटीतून तिथलं सरकार ८५ टक्के रकमेवर ३० टक्के कर मुळातच कापतं. म्हणजे एकूण २५.५ टक्के. वरच्या उदाहरणातले १,५१० हातात येताना सव्वाअकराशेच्या आसपास. इथल्या रिटर्नमध्ये ते कसं दाखवायचं, हे दोन देशांच्या कर कराराच्या अंगाने बघावं लागतं. पहिल्या वर्षी कुणा सीएकडून करून घ्या, नंतर नक्कल करत राहा.

राजवाडा_टॅक्सी

एक एजंट भेटला होता आमच्या सोसायटीत. म्हणाला, अमेरिकेची पेन्शन काढून देतो, पहिल्या वर्षाचे अर्धे माझे. असं काही असतं का?

एडिसनकर_मूळचा_लोकमान्यनगर

अर्ज फुकट असतो. त्या गृहस्थांना चहा पाजून निरोप द्या.

अर्ज कसा, तेही लिहितो. वारसाचा अर्ज ऑनलाइन होत नाही, फोनवर किंवा प्रत्यक्ष भेटीत होतो. भारतात असाल तर अमेरिकन वकिलातीच्या संकेतस्थळावर फेडरल बेनिफिट्स युनिटचा (सोशल सिक्युरिटीचं परदेशातलं काम बघणाऱ्या विभागाचा) संपर्क दिलेला असतो, तिथून सुरुवात. अर्ज करायचा इरादा आहे एवढं कळवून तारीख नोंदवली की ती तारीख धरली जाते, पुढचे कागद ठरलेल्या मुदतीत द्यायचे. हे महत्त्वाचं, कारण पूर्ण वयाच्या आधीच्या वारसाला मागचे महिने सहसा मिळत नाहीत. विचार करण्यात गेलेला महिना गेलाच.

कागद: घटस्फोटाचा अंतिम आदेश, लग्नाचा पुरावा, जन्माचा दाखला, पासपोर्ट, आत्यांचा स्वतःचा सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि काकांचा. काकांचा आठवत नसेल तर जुन्या टॅक्स रिटर्नवर सापडेल. एकत्र भरलेली असतील ना नव्वदच्या दशकात? मृत्यूची नोंद सहसा इकडच्या अंत्यविधी करणाऱ्या संस्थेकडून आधीच पोचलेली असते, त्यामुळे दाखल्यासाठी त्या बाईंच्या दारात जायची गरज पडू नये.

आणि भारतातल्या नोटरीने शिक्का मारलेल्या झेरॉक्सा चालत नाहीत. मूळ कागद, किंवा ज्या कार्यालयाने दिला त्यानेच प्रमाणित केलेली प्रत.

रामबागवाली

अडलं! लग्नाचं सर्टिफिकेट नाही. १९८९ मध्ये कोण नोंदवत होतं? पत्रिका आहे, फोटो आहेत, आणि गुरुजींच्या हातची एक पिवळी पडलेली पावती आहे. घटस्फोटाच्या आदेशाची न्यू जर्सीची प्रत मात्र आत्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली आहे.

कायद्याचं_बोला

आदेशात लग्नाची तारीख आणि गाव लिहिलेलं असतं, बघा. तोच अर्धा पुरावा. शिवाय ग्रीन कार्डाच्या वेळी १९९० च्या आसपास लग्नाचा काहीतरी कागद दिलाच असेल, तो तुमच्याच कपाटात असणार. नसेल तर लग्नाला हजर असलेल्या दोघांचं शपथपत्र. मोठे काका होते ना लग्नात? त्यांच्याचकडून घ्या सही.

रामबागवाली

हा हा! ही शिक्षा योग्य आहे.

मनमोकळी

धागा वाचून वाईट वाटलं. माझ्या आईचं लग्न साडेनऊ वर्षांचं. घटस्फोटासाठी आईनेच घाई केली, कारण घरात राहणं अशक्य झालं होतं. वडील तिकडे गेले. सहा महिने आणखी सोसलं असतं तर आज तिला मिळालं असतं. असा कायदा कुणाला शाबासकी देतो?

संध्याछाया

मनमोकळी, काय बोलू. तू म्हणतेस ते खरंच आहे. रेघ कुठेतरी ओढावी लागते हे डोक्याला पटतं, पण ती रेघ मार खाणाऱ्या बाईवर बरोबर पडते. तिकडेही यावरून बोललं जातं. अशा बाईला वकिलाने एक वाक्य सांगायला हवं असतं: वेगळी राहा, पण अंतिम आदेशाची तारीख दहा वर्षांच्या पुढे जाऊ दे. तुझ्या आईला कुणी सांगितलं नाही, आणि तेव्हा तिला तारखा सुचल्या नसत्याच.

एडिसनकर_मूळचा_लोकमान्यनगर

मनमोकळी, एक विचारू? वडील गेले तेव्हा तुम्ही किंवा भावंडं सोळाच्या आत होतात का? आईच्या सांभाळात त्यांचं सोळाखालचं मूल असेल तर घटस्फोटित आईला दहा वर्षांची अट लागत नाही. मूल सोळाचं होईपर्यंतच मिळतं, पण मिळतं. आणि मुलांना स्वतःच्या नावाने अठरापर्यंत.

मनमोकळी

मी तेवीस वर्षांची होते. उशीर झाला. पण विचारल्याबद्दल थँक्यू दादा.

लाडली_अपडेट

विषयांतर, पण इंदूरच्या बायकांसाठी: आपल्या राज्याच्या लाडली बहना योजनेत घटस्फोटित आणि परित्यक्ता बायकाही येतात, २०२३ पासून. फक्त साठीच्या आतल्या. म्हणजे या आत्या वयाने बाहेर. उत्पन्नाच्या अटीही आहेत. ज्या बसतात त्यांनी नवी नावं घेणं चालू आहे का, ते आधी विचारावं.

रामबागवाली

अपडेट. आत्या तयार झाली. 'ताटातलं' वरून तिची समजूत संध्याताईंच्या उत्तराने पटली. ते मी तिला मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं. बर्फ उपसण्याच्या ओळीवर हसली आणि म्हणाली, "ह्या बाई तिथे होत्या का माझ्या शेजारी?" मुलाने तिकडून फोनची वेळ घेतली आहे.

आता एक शंका. आत्याचा फराळाचा धंदा. तो सुरू ठेवला तर काही अडचण? आणि तिने तिकडे दोन वर्षं ग्रंथालयात नोकरी केली होती, त्याचं काही वेगळं मिळेल?

एडिसनकर_मूळचा_लोकमान्यनगर

ग्रंथालयाचं नाही. स्वतःच्या पेन्शनला ४० क्रेडिट लागतात, दोन वर्षांत फार तर आठ. आणि भारत-अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा जोडणी करार नाही, त्यामुळे भारतातली नोकरी त्यात मिळवता येत नाही. तो विषय सोडा.

फराळाचं मात्र काळजीपूर्वक ऐका. अमेरिकेबाहेर, त्या कामावर इथला सोशल सिक्युरिटीचा कर न भरता, महिन्याला ४५ तासांपेक्षा जास्त काम केलं तर त्या महिन्याचा लाभ रोखतात. पूर्ण वय होईपर्यंत हा नियम आहे. स्वतःचा धंदाही काम धरतात आणि नफा किती झाला हे पाहत नाहीत, तास पाहतात. आठवड्याला दहा तासांच्या आत ठेवलं तर निभेल. दिवाळीच्या महिन्यात ४५ च्या वर जाणारच, तेव्हा तसं खरंखरं कळवायचं आणि त्या महिन्याचं सोडायचं. लपवायचं नाही. नंतर सापडलं तर परत मागतात आणि ते फार त्रासाचं होतं.

पुरणपोळी_ऑर्डर

म्हणजे आत्याबाईंच्या अनारशांचा भाव दिवाळीत एका महिन्याची अमेरिकन पेन्शन! आगाऊ ऑर्डर नोंदवून घ्या.

रामबागवाली

आत्या म्हणते, दिवाळी सोडणार नाही, पेन्शन एक महिना सोडेन. उन्हाळ्यातल्या लोणच्यांचं मात्र बघावं लागेल, कैऱ्या चिरायलाच तास जातात. ते काम मोठ्या काकांना लावायचं ठरलंय.

निवृत्त_कोषालय

तासांची वही घालायला सांगा. तारीख, काम, किती वेळ. पुढे कुणी विचारलं तर वही दाखवता येते, तोंडी हिशेब कुणी मानत नाही.

एडिसनकर_मूळचा_लोकमान्यनगर

शंभर टक्के. शिवाय लाभ सुरू झाला की परदेशातल्या लोकांना वर्षाला किंवा दोन वर्षांनी एक प्रश्नावली टपालाने येते: जिवंत आहात का, लग्न केलं का, काम करता का, पत्ता तोच का. ती भरून परत पाठवली नाही तर पैसे थांबतात. रामबागेतल्या घराचा पत्ता अर्जात नीट, पिनकोडसकट द्या. टपाल इकडून यायला वेळ घेतं आणि पोस्टमनला आत्यांचं माहेरचं नाव माहीत, इकडच्या कागदावर सासरचं. दारावर दोन्ही नावांची पाटी लावा.

सराफ्यातला_भिया

वहिनीशी बोललो. मुलीच्या नावाने अर्ज कधी केलाच नव्हता. सोमवारी जाऊन राहिलो आम्ही. निवृत्त काका, मुलीचा जन्मदाखला आणि घटस्फोटाचा आदेश, आणखी काय नेऊ?

निवृत्त_कोषालय

भावाचा मृत्यूचा दाखला, त्याच्या नोकरीचा किंवा पेन्शनचा क्रमांक, मुलीचं आधार आणि बँक खातं, आईचं पालक म्हणून शपथपत्र. मुलीचं खातं आईसोबत संयुक्त उघडा. अर्जात वरच्या ओळीत स्पष्ट लिहा, "घटस्फोटित पत्नीचा नव्हे, मृताच्या मुलीचा दावा." नाहीतर बाबू पहिलीच फाईल काढून तेच उत्तर देईल. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.